ओळख आधी आपण दाखवायची

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय श्यामसुंदरराव पायगुडे. ज्यांच्यासाठी आपण सगळे आपापली कामं टाकून इथं जमलो आहोत त्या आपल्या डॉक्टर, आदरणीय विजयमाला घारपुरे. महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि नात्यानं माझ्या जावेच्या आई सरोजिनीबाई. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाई वेणूबाई, ज्यांना मी आई म्हणते. आणि बिबवेवाडीतल्या माझ्या भगिनींनो, आणि मागे दाराशी उभे राहून घड्याळ बघणाऱ्या बंधूंनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी हेमा. राहते वारज्याला, मूळची हिंगणघाटची. माझी धाकटी जाऊ नम्रता ही इथली माहेरवाशीण, तिच्या मागे मागे मी या मंडळात आले आणि बायकांना कॉम्प्युटर शिकवता शिकवता इथलीच झाले. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती मी पाळणार नाही हे आधीच सांगते. दिलेल्या वेळेत बोलणं संपवणारा वक्ता मी पुण्यात अजून पाहिलेला नाही, आणि इतकी वर्षं राहिल्यावर मलाही इथलं पाणी लागलंय.

डॉक्टर आता मुलाकडे बंगळूरला चालल्या. अभिनव तिथं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यानं आईला सांगितलं, आता पुरे. मुलाचं बरोबर आहे. पण आपलं काय? मघाशी तिघांची भाषणं झाली. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, बोलणं तिखट आहे, औषध कमी आणि रागावणं जास्त, सगळं खरं आहे. सरोजिनीबाई म्हणाल्या की डॉक्टर इथल्या घराघरातलं माणूस नावानिशी ओळखतात. तेही खरं आहे. मी मात्र डॉक्टरांचा नेमका उलटा गुण सांगायला उभी राहिले आहे. डॉक्टर माणसं ओळखत नाहीत. समोरासमोर आलं, डोळ्यांत डोळे घालून बघितलं, तरी ओळखत नाहीत.

हसताय ना? हसा. तुम्हाला माझं उदाहरण ठाऊकच आहे. नम्रताच्या माहेरी गौरी असोत, बारसं असो, मंडळाची सहल असो, डॉक्टर मला दरवेळी विचारतात, "आपण नम्रताच्या कोण?" मी दरवेळी सांगते, "जाऊ." त्या म्हणतात, "असं का, छान." सरोजिनीबाई तर मला म्हणाल्या होत्या, "अहो हेमाताई, मनावर घेऊ नका. आमच्या डॉक्टरांना बिबवेवाडीच्या बाहेरचं माणूस लक्षातच राहत नाही." मी मनावर घेतलं नाही. का घेतलं नाही, ते आज सांगणार आहे.

संध्याकाळचा दवाखाना आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी डॉक्टर कुठे जायच्या, कुणी कधी विचारलंय? "मोठ्या दवाखान्यात जातात," एवढंच ना? त्या मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, गाड्या लावतात तिथून आत गेलं की एक केंद्र आहे. एचआयव्ही झालेल्या माणसांना तिथं औषधं मिळतात. आपल्या डॉक्टर इतकी वर्षं रोज सकाळी तिथं बसत होत्या.

बघा, कसं शांत झालं. पंख्याचा आवाज यायला लागला. शब्दच तसा आहे, त्याला मी तरी काय करू?

आई, मला पाणी नको. तांब्या राहू द्या तिथंच.

तर त्या केंद्राची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळेच घडलं. तिथं येणारा माणूस कधी जवळचा नसतो. वारज्याचा माणूस वारज्यात ते औषध घेत नाही, मांजरीचा मांजरीत घेत नाही. न जाणो, शेजारचं कुणी दिसायचं. जो तो गावाच्या दुसऱ्या टोकाला जातो, दोन बस बदलून. आणि बायका? तुम्ही सगळ्या स्कूटीवर जाताना डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळता ना, फक्त डोळे उघडे? बाहेरगावची माणसं आपल्याला हसतात त्यावरून. त्या केंद्रात बाकावर बसलेल्या सगळ्या बायका तशाच. आत गेल्यावरसुद्धा. आणि डॉक्टरांनी सगळ्यांना ताकीद दिली होती, "स्कार्फ काढा असं कुणाला म्हणायचं नाही. एवढा आडोसा तरी राहू द्या त्यांना."

दुसरी पद्धत त्याहून कडक. तिथं नागोराव म्हणून समुपदेशक होते, गोळ्या कशा घ्यायच्या, काय खायचं, घरी काय सांगायचं, हे समजावणारे. पहिल्याच दिवशी ते प्रत्येकाला सांगायचे, "ताई, बाहेर कुठं भेटलात तर आम्ही तुम्हाला ओळखणार नाही. राग मानायचा नाही. मी नाही, नर्स नाही, डॉक्टरही नाहीत. तुम्ही आधी ओळख दाखवलीत तर आम्ही दाखवू. तुम्ही नाही दाखवलीत, तर आपण कधी भेटलोच नाही."

आता तुमच्यापैकी हुशार बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आहेत. जरा थांबा. घाई करू नका, अल्पोपाहाराच्या वड्या कुठे पळत नाहीत.

त्या केंद्रात एक बाई जायची. वारज्याची म्हणू. आयटीतल्या एका कंपनीत मागच्या ऑफिसात बिलं तपासायचं काम. ती वर्षंच अशी होती की इंग्रजी अक्षर ओळखणारी आणि वेळेवर येणारी बाई दिसली की कंपनी तिला आत ओढायची, नाहीतर हिंगणघाटच्या, म्हणजे, कुठल्या तरी गावच्या बाईला कोण विचारतं? नवरा गेलेला. कशानं ते विचारू नका, गेलेल्या माणसाची उलटतपासणी घ्यायची नसते. घरात सासू आणि धाकटा दीर. सासूला ठाऊक, दिराला नाही. सासूनं बजावलं होतं, "कोनाले सांगू नको व माय. लोकं उंबरठ्याच्या आत नाही येनार आपल्या." सासू वाईट नव्हती. घाबरलेली होती.

औषध सुरू झालं आणि बाई उभी राहिली. खरंच उभी राहिली. गालावर मांस आलं, केस गळायचे थांबले, ऑफिसातल्या मुली म्हणाल्या, "मॅडम, जिम लावलं का?" दीड-दोन वर्षं अशी बरी गेली. आणि मग वजन उतरायला लागलं.

तुम्हाला त्या केंद्रातला वजनकाटा सांगते. आपल्या घरी काटा वर गेला की आपण रडतो. तिथं काटा खाली आला की सगळ्यांचे चेहरे पडतात. कारण तिथल्या माणसांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिलेली आहे, वजन उतरलं म्हणजे तो आजार जिंकतोय. बाई काट्यावर चढली, खाली उतरली, आणि नागोराव म्हणाले, "ताई, गोळ्या चुकतायत का?" ती म्हणाली, नाही. पुढच्या महिन्यात अजून कमी. "ताई, खरं सांगा." ती म्हणाली, खरंच सांगते. छातीचा फोटो काढला, क्षयरोग निघतो का बघितला. फोटो स्वच्छ. अंगातल्या लढणाऱ्या पेशी मोजल्या तर त्या चक्क वाढलेल्या. कुणाचा विश्वास बसेना. रिपोर्टची अदलाबदल झाली असेल म्हणाले, पुन्हा मोजू. म्हणजे बघा, कागद सांगत होता बाई बरी होतेय, काटा सांगत होता बाई जातेय, आणि सगळ्यांनी काट्यावर विश्वास ठेवला. तिनं स्वतःनंसुद्धा.

"जेवता का नीट?" "हो साहेब, खूप जेवते." नागोरावांनी मान हलवली. तशी मान मी ओळखते, शिक्षक गृहपाठ न केलेल्या मुलापुढे हलवतात तशी. तिथं येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, खूप जेवतो. घरी भाताचं शितही उतरत नसतं तरी म्हणतो. कुणी कुणावर विश्वास ठेवायचा?

छातीत धडधड व्हायची, बसमध्ये उभं राहिलं की पाय लटलटायचे, माउसवर हात ठेवला की पडद्यावरचा बाण थरथरायचा. घाम तर विचारू नका. तिला वाटायचं, ही भीती आहे. मरणाची भीती अशीच असणार. वारज्यातल्या डॉक्टरांकडे गेली, पण त्यांना त्या गोळ्यांबद्दल कसं सांगणार? ते सासूचेही डॉक्टर, दिराचेही डॉक्टर. त्यांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत का?" ती म्हणाली, नाही. त्यांनी टॉनिक दिलं आणि म्हणाले, टेन्शन घेऊ नका. एकाला एक सांगायचं नाही, दुसऱ्याला दुसरं सांगायचं नाही, अशी ती मधल्या मधे वाळत चालली होती.

त्यातच दिराचं लग्न ठरलं. चांगलं स्थळ, पुण्यातलं, शिकलेलं घर. आता दोन खोल्यांत नवी सून येणार. ती डबे उघडणार, कपाट लावणार. तेव्हा या बाईनं मनाशी एक ठरवलं. सांगू? ठरवलं की लग्न होईपर्यंत गोळ्या घ्यायच्या, लग्नात उभं राहता आलं पाहिजे. लग्नानंतरची पूजा होऊन पाहुणे गेले की गोळ्या बंद. नाहीतरी लागू पडत नाहीतच. उगाच कशाला केंद्राच्या वाऱ्या, कशाला घरात लपवाछपवी? कुणाला काही न कळता, दिराच्या संसाराला डाग न लागता, जायचं. सगळं ठरलं होतं. सासूलासुद्धा बोलली नव्हती.

आई, खाली बघू नका. वर बघा. मी आहे ना इथं उभी?

लग्न डिसेंबरात होतं. मंगल कार्यालयात पंगती होत्या, बुफे नाही, मुलीकडच्यांनी हौसेनं पंगती मांडल्या होत्या. वरमाईच्या पंगतीला मानाचं ताट, रांगोळी, उदबत्ती. मुलीच्या आईनं आग्रहानं त्यांच्या घरच्या डॉक्टरांना याच पंगतीला बसवलं. आणि कुठं बसवलं? त्या बाईच्या बरोब्बर शेजारी. बाईनं मान वळवली, बघते तर कोण? केंद्रातल्या डॉक्टर. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला डॉक्टर, समोर सगळी विहीणमंडळी. आता या बाई "काय, बऱ्या आहात ना?" एवढं जरी म्हणाल्या तरी संपलं. "तुम्ही कशा ओळखता हिला?" हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. पुण्यातल्या बायका तो न विचारता जिलबीला हात लावतील काय?

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. पूर्ण अनोळखी माणसाकडे बघावं तसं. म्हणाल्या, "आपण मुलाकडच्या का? छान झाली हो व्यवस्था." आणि मठ्ठ्याचा घोट घेतला.

तिनं देवाचे आभार मानले आणि जेवायला लागली. आणि काय सांगू, भूक अशी की लाज वाटावी. मसालेभात तीनदा घेतला. जिलबी वाढणारा पुढं गेला की त्याला परत बोलवायची. सासू पदराआडून म्हणाली, "हळू व, लोकं पाहून राहिले." समोरची एक बाई म्हणालीच, "वरमाईंच्या सूनबाई चांगल्या जेवतात हो, मग जातं कुठं सगळं?" सगळी पंगत हसली.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला. एचआयव्हीनं वाळणारा माणूस असा जेवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, पण केंद्रात माणूस जेवताना कुणाला कधी दिसतो? तिथं फक्त काट्यावर दिसतो. त्यांनी या बाईकडे नीट बघितलं. थंडीत सगळ्या शाली पांघरून बसलेल्या, आणि हिच्या कपाळावर घामाचे थेंब. डोळे बाहेर आल्यासारखे, पापणी न लवणारे. हे डोळे त्यांनी केंद्रात महिनोन्‌महिने पाहिले होते, पण तिथं सगळ्यांचेच डोळे भेदरलेले असतात. आणि पहिल्यांदाच, स्कार्फ नसलेला तिचा गळा त्यांना दिसला. गळ्याच्या खालच्या बाजूला फुगवटा होता. साध्या डोळ्यांना दिसेल असा.

आता डॉक्टरांनी काय करावं? बोलल्या तर नियम मोडतो. नाही बोलल्या तर बाई हातची जाते. पुन्हा महिन्यानं केंद्रात येईल तेव्हा बघू म्हणावं, तर येईल याची काय खात्री? ती तर येणारच नव्हती! पण ते फक्त तिला ठाऊक होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "अगबाई, बांगड्या किती सैल झाल्यात तुमच्या. बघू?" आणि त्यांनी माझा हात धरला.

हो. माझा.

आता आणखी "एक बाई, एक बाई" करत नाही, जीभ दमली माझी. ते लग्न आपल्या नम्रताचं आणि माझ्या दिराचं, शुभंकरचं होतं. ती पंगत सरोजिनीबाईंनी मांडली होती. आणि ती बाई मी. मला एचआयव्ही आहे, मी अजूनही रोज गोळ्या घेते, आणि तुमच्यासमोर उभी आहे. गेल्या माणसाबद्दल मी एक शब्द बोलले नाही आणि बोलणार नाही. हे माझं आहे, माझ्यापुरतं बोलतेय. आई, तुमच्या मुलाचं नाव मी कुठं घेतलं नाही.

शुभंकर, बस रे. उभा राहू नकोस. तुला आधी सांगायला हवं होतं असं तुझ्या तोंडावर लिहिलंय. घरी गेल्यावर भांड माझ्याशी, रात्रभर भांड, मी तयार आहे. आत्ता मला पुरं करू दे.

अध्यक्ष महाराज, ती चिठ्ठी मला दिसली. थोडं राहिलंय.

डॉक्टर बांगड्यांचं कौतुक करत होत्या आणि त्यांची दोन बोटं माझ्या नाडीवर होती. मला कळलं. सासूबाईंनाही काहीतरी कळलं, त्यांच्या हातातली पुरी तशीच राहिली. माझी नाडी पळत होती. आणि डॉक्टर सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वरमाई, तुमच्या सूनबाईंना थायरॉईड असणार बघा. एवढं जेवून वाळतायत, गळा सुजलाय. आजच सांगून ठेवते, उद्याच्या उद्या रक्त तपासा."

थायरॉईड! भगिनींनो, तुम्हाला कल्पना नाही त्या शब्दानं मला काय वाटलं. कितीतरी वर्षांनी मला असा आजार मिळाला होता जो पंगतीत मोठ्यानं बोलता येतो. लगेच समोरून एक म्हणाली, "माझ्या नणंदेला पण आहे." दुसरी म्हणाली, "आमच्या ऑफिसात तिघींना आहे." कुणी कोबी खाऊ नका म्हणालं, कुणी धने भिजवून प्या म्हणालं. सगळ्या माझ्याकडे मायेनं बघत होत्या. मला रडू आलं. त्यांना वाटलं, मी आजाराला घाबरले.

आणि मग डॉक्टर उठताना, हात धुवायला जाता जाता, अगदी सहज म्हणाल्या, "आणि हो, आधीपासून काही गोळ्या चालू असतील तर त्या थांबवायच्या नाहीत. एकही नाही. त्या लागू पडल्यात म्हणूनच हे झालंय." पंगतीला वाटलं, डॉक्टर लोक बोलतात तसं काहीतरी बोलल्या. कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. मी मात्र त्या एका वाक्यावर आजपर्यंत जगले आहे. कारण माझ्या पर्समध्ये त्या दिवसाची गोळी होती, आणि ती माझ्या हिशेबानं शेवटच्या काहींपैकी होती.

पुढच्या आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट घेऊन केंद्रात गेले. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि मला समजावलं. म्हणाल्या, "हेमा, तुझ्या अंगाचा राखणदार कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळला होता. औषधानं तो उठला. पण उठल्या उठल्या झोपेच्या डोळ्यांनी त्यानं काठी उगारली ती घरच्याच माणसावर, तुझ्या गळ्यातल्या ग्रंथीवर. ग्रेव्हज म्हणतात याला. औषध घेणाऱ्या काही थोड्या माणसांना होतं, बरं वाटायला लागल्यावर वर्षा-दोन वर्षांनी होतं. काठीवाल्याला हाकलायचं नाही. ग्रंथीला तेवढं आवरायचं." वेगळ्या गोळ्या दिल्या. हातांची थरथर थांबली. काटा पुन्हा वर चढला, नागोरावांनी पेढे वाटले. आणि डॉक्टर स्वतःवर चिडून म्हणाल्या, "आमचाच आडोसा आमच्या आड आला. इतके महिने तुझा गळा माझ्यासमोर होता आणि मी स्कार्फ बघत होते." त्या दिवसापासून केंद्रात नवी पद्धत आली, दार बंद झालं की स्कार्फ सोडायचा, गळ्याला हात लावून बघायचा. बाहेर ओळखायचं नाही हा नियम मात्र तसाच राहिला.

तर हे आहे "आपण नम्रताच्या कोण?" याचं गुपित. सहा वर्षं त्या मला विचारत आल्या, तुम्ही त्यांना विसरभोळ्या म्हणत आलात, हसत आलात, आणि त्यांनी ते हसू मुकाट्यानं सोसलं. कशासाठी? माझा उंबरठा शाबूत राहावा म्हणून.

मग आज मीच का बोलते? दोन कारणं आहेत. एक म्हणजे डॉक्टर चालल्या. आणि दुसरं. दरवर्षी आपल्या मंडळाचा फराळ आनंदीबाई करायच्या. यंदा त्या नाहीत. का नाहीत, ते कुणी सभेत बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. कुणीतरी म्हणालं, "त्यांना तो आजार आहे म्हणे." म्हणे! खरं का खोटं, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी मी सांगितलं नसतं. शिकल्यासवरल्या बायका तुम्ही, मुलं अमेरिकेत, घरात इंटरनेट, आणि वडीतून एचआयव्ही होतो? मी विचारलं तेव्हा मला उत्तर मिळालं, "हेमाताई, रिस्क कशाला?" आणि मग सरोजिनीबाईंनी आजच्या समारंभाच्या नारळाच्या वड्यांचं काम दिलं कुणाला? आपल्या घरच्या, खात्रीच्या माणसाला. मला.

त्या मागे टेबलावर झाकून ठेवल्यात, त्या सगळ्या वड्या माझ्या हातच्या आहेत. नारळ मी खोवला, पाक मी केला, थापल्या मी. वेलदोडा जरा जास्त पडलाय. एवढाच धोका आहे त्यांत.

सगळ्या मागे वळून टेबलाकडे बघताय. बरं.

डॉक्टर, आपण मघापासून त्या पुष्पगुच्छाकडे बघताय. एकदाही मान वर केली नाहीत. मी इतकं सगळं बोलले तरी आपला नियम सुटत नाही. बरोबर आहे, नियमच तसा आहे, ओळख आधी आपण दाखवायची. म्हणून एवढ्या लोकांसमोर, या माइकवरून, मी दाखवते. नमस्कार डॉक्टर. मी हेमा, वारज्याची. आपल्या केंद्रातली पेशंट. ओळखलंत का?

झालं. आता डॉक्टरांनी मान वर केली. रडू नका हो डॉक्टर, आपण आम्हाला कधी रडू दिलं नाहीत.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, याबद्दल अध्यक्षांचे, सरोजिनीबाईंचे आणि खुर्ची न सोडता बसून राहिलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर लहान समजून पोटात घाला. काही जास्त बोलले असेन तर तेही घाला. कमी बोलल्याची माफी मात्र मागत नाही, ते माझं बरीच वर्षं मागून झालंय. आता अल्पोपाहार आहे. ज्यांना घ्यायच्या त्यांनी वड्या घ्याव्यात, ज्यांना नको त्यांच्यासाठी चहा आहे, तो मी केलेला नाही.

आई? आई, कुठं निघालात? अहो, गुडघा दुखतो ना तुमचा, एकट्या कुठं चाललात? नम्रता, जरा हात दे त्यांना.

अहो आई, झाकण काय काढताय! माझं भाषण अजून संपलं नाही. पहिली वडी अध्यक्षांना द्यायची असते. बरं, खा. खा तुम्ही. पण एक ठेवा, डॉक्टर खाली येतायत.